चिचटोल्याच्या गुणाबाईची सत्तावीस लेकरं

एकाच बाईला एकाच पावसाळ्यात नऊ लेकरं होऊ शकतात का? हसू नका, उत्तर द्या. नाही म्हणाल तर सरकारी कागद खोटा ठरतो. तो कागद माझ्या अक्षरातला आहे, त्यावर एका डॉक्टरची सही आहे आणि सहीखाली गोल शिक्का आहे. नऊ त्या एका पावसाळ्यातली, बाकीची अठरा त्याआधीच्या चार वर्षांतली. एकूण सत्तावीस. आईचं नाव गुणाबाई, वय साठ, राहणार चिचटोला. वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीच्या अंगाला बैलगाडीनं अर्धा दिवस आत.

आणि या गुणाबाईला पोटचं एकही मूल झालेलं नव्हतं.

आता बसा खाली. सांगतो.

चौपन्न साल होतं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर. लहान मुलांना क्षयाची लस टोचायची मोहीम आमच्या रानात यायची होती. कोणा मोठ्या साहेबाच्या डोक्यात आलं की टोचण्याआधी काही गावांतल्या आया आणि त्यांची लेकरं मोजून ठेवावी, आणि तीन वर्षांनी जाऊन तीच पुन्हा मोजावी. म्हणजे लसीनं काय केलं ते कागदावर दिसेल. कल्पना चांगली होती. मी आजही चांगलीच म्हणतो. मी लसीच्या बाजूचा माणूस आहे; खोकून मेलेली लेकरं मी पाहिली आहेत.

मोजणीला मॅट्रिक पास माणसं हवी होती. पण मॅट्रिक पास माणूस नदी ओलांडायला तयार होईना. एकाला वाघाचं भय, दुसऱ्याला हिवतापाचं, तिसऱ्याच्या बायकोला दोन्हीचं. मी दुसरीत शाळा सोडलेला. वाचायला शिकलो ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर, आणि अक्षराला वळण आलं ते मोर्च्यांची पत्रकं लिहून. साहेबानं विचारलं, "शिक्षण किती?" मी म्हणालो, "तुम्ही लिहा, मी वाचतो. मग मी लिहितो, तुम्ही वाचा. ज्याला जमणार नाही त्यानं घरी जायचं." ठेवून घेतलं.

सोबत शफी. चांद्याच्या पठाणपुऱ्यातला, लस टोचायचं शिकून आलेला. सुई बारीक, तोंड मोठं.

फॉर्म पिवळट कागदाचा होता. मातेचे नाव, वय, एकूण अपत्ये, हयात, मयत. खाली अपत्यांच्या नावांसाठी आठ ओळी. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात सूचना: सांगणारी सांगेल तेच लिहावे, पदरचे काही घालू नये. ही सूचना ध्यानात ठेवा. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

चिचटोल्यात पहिलं घर भागीरथाबाईचं. धिप्पाड बाई, आवाज असा की नदीवरच्या नावाड्यानं वल्हं टाकून द्यावं. अंगणात मोहफुलं वाळत पडलेली, मांडीवर सात-आठ महिन्यांचं पोर दूध पीत होतं.

"हे लेकरू कोणाचं?" मी विचारलं.

"गुनाबाईचं."

"आणि ते दाराआडचं?"

"थेही गुनाबाईचंच."

"मग तुमची किती?"

"मले कुठी? दोन झालती, गेली. आता एकही नाई."

शफीला राहवलं नाही. "ओ बाई, मग हे दूध कोणाचं पिऊन राह्यलं?"

"दूध माहं आहे, पोट्टं गुनाबाईचं आहे. इतकं सोपं समजत नाई तं सुई कशी टोचशीन रे तू?"

शेजारी वच्छलाबाई. वयानं लहान, बोलणं हळू. कडेवर एक पोर, पदराला एक. तिचंही तेच. "गुनाबाईचे आहेत जी." तिसऱ्या घरी तेच, सातव्या घरी तेच. दुपारपर्यंत चाळीस घरांच्या त्या गावात सत्तावीस पोरं गुणाबाईच्या नावावर जमा. आठ ओळी कधीच्या संपल्या होत्या. मी डिंकानं कागदाला कागद जोडत होतो. मला वाटलं ही कोणी जुनी मालगुजारीण, गावची जमीनदारीण असेल, सगळ्या गावाची पोरं ताब्यात ठेवून बसलेली. माझं डोकं तापलं. तिला चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच मी तिच्या दाराशी गेलो.

दार कुठलं, तट्ट्याची झोपडी. बाई मुठीएवढी. उखळापाशी बसून धानाचा कोंडा पाखडत होती. भोवती कोंड्याची पाच-सहा पोती.

"गुणाबाई तुम्हीच? तुमची लेकरं किती?"

तिनं सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि बोटांच्या पेरांवर सुरू केलं. सुकलू, पायाळू जन्मला. त्याची बहीण, तिला माती खायची खोड. झिंगू, त्याच्या डाव्या कानामागे तीळ. एकही श्वास न अडखळता सत्तावीस. कोणाला खरूज आहे, कोण रात्री दचकतं, कोणाचं बोट वाकडं आहे, सगळं. मी यादी समोर धरून ताडत होतो. तिनं एक जरी विसरलं असतं तर मी तिथंच रेघ मारली असती. विसरली नाही.

बापाचा रकाना फॉर्मात नव्हता, ही देवाची कृपा.

परतताना सोमाजी कोतवालाला मी गाठलं. गावातली जन्म-मरणाची वर्दी ठाण्यावर नेऊन देणारा माणूस हा. म्हटलं, "सोमाजीभाऊ, हा काय तमाशा आहे? वाटेत कळलं की ती बाई गावची सुईण आहे, मग सत्तावीस लेकरांची आई कशी?"

"इकत घेतली ना तिनं," सोमाजी म्हणाला. "माहं बी एक आहे तिच्यापाशी."

मग त्यानं चालता चालता सांगितलं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घराचा पत्ता सटवाईला पाठ झालेला असतो. पाचवीला ती येते, आपण ठेवलेल्या कोऱ्या कागदावर लेखणीनं नशीब लिहिते आणि त्या घरी वाईटच लिहिते. तेव्हा जन्मलेलं लेकरू सुपात घालून विकायचं. ज्या घराची वाटच सटवाईला ठाऊक नाही, अशा घरी. विकत घेणारी सूपभर कोंडा देते. मग आई ते लेकरू परत उचलते, पण आपलं म्हणून नाही. दुसऱ्याचं सांभाळायला घेतलं म्हणून.

"अन् गुनाबाईच्या घरी सटवाई जन्मात आली नाई," सोमाजी म्हणाला. "कायले येईन? तिथी पाचवीच झाली नाई कधी. याहून चांगली लपाची जागा कोनती?"

"पण मला खरं सांगायला काय झालं होतं?"

सोमाजी थांबला. माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, कानावरच्या पेन्सिलीकडे पाहिलं. "बाबू, कागद-लेखनी घेऊन घरोघरी 'लेकरू कोनाचं, लेकरू कोनाचं' इचारत फिरते थे कोन? तुमीच सांगा."

शफी त्या दिवसापासून मला सटवाईबाबू म्हणू लागला. चांद्यातही. भर बाजारातही.

गुणाबाईचं थोडं सांगायला हवं. नवऱ्यानं सात वर्षं वाट पाहिली आणि दुसरी बायको केली. दुसरीलाही काही झालं नाही, तरी गावानं वांझ म्हटलं ते गुणाबाईलाच. नवरा मेला, सवत माहेरी गेली, नाव हिच्याकडे राहिलं. सकाळी हिचं तोंड दिसलं की बाया वाट बदलत. हळदीला हिला बोलावणं नाही, ओटी भरायला नाही. पोर अडलं की मात्र पळत हिच्याकडे. गावातलं प्रत्येक लेकरू हिच्या हातात जन्मलं, आणि बारशाला तिच्या घरी निरोप नाही. अशा बाईच्या पदरात गाव आपली लेकरं लपवत होतं. मला हे ऐकून गावावर जितका राग आला, तितकाच कागदावर लिहिताना आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सूचना होती: सांगणारी सांगेल तेच लिहावे. मी तेच लिहिलं, आणि जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

लस द्यायच्या दिवशी नवी अडचण. आधी हातावर परीक्षेची सुई, तीन दिवसांनी हात पाहून मग दंडावर लस, आणि दोन्ही वेळा लेकराला आईनं धरायचं असा नियम. आई कोण? कागदावर आई एकच. चिंचेखाली पाट मांडून गुणाबाईला बसवलं. तिच्या मांडीवर एकामागून एक सत्तावीस. खऱ्या आया पाठ करून उभ्या, जणू त्यांचा काही संबंध नाही. पोरगं किंचाळलं की एखादीचे खांदे हलत, पण वळली एकही नाही. पंधराव्या पोरानंतर शफी म्हणाला, "बाई, जरा उठा. मांडी भरून आली असेल."

"इतके वर्स रिकामी होती," गुणाबाई म्हणाली. "भरू दे."

शफीनं पुढचं पोर स्वतः उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

तीन वर्षं गेली. मधे छप्पन्न साली आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून उचलून मुंबईच्या राज्यात टाकला. माणसं तिथंच, जंगल तिथंच, फक्त शिक्के बदलले. सत्तावन्न सालच्या चैत्रात ठरल्याप्रमाणे दुसरी मोजणी झाली. या वेळी मला बोलावलं नाही. नवं राज्य, नवी माणसं. एक मॅट्रिक पास मोजणीदार मिळाला, त्यानं नदीही ओलांडली, त्याबद्दल मी त्याला मानतो. सदऱ्याला इस्त्री, बोलणं पुस्तकी.

तो भागीरथाबाईच्या दारी गेला. "हे अपत्य कोणाचे?"

"माहं!" भागीरथाबाई गरजली. पोराचा दंड धरून त्याच्या नाकासमोर नेला. "पाहा! सरकारचा शिक्का आहे!"

झालं होतं ते असं. दंडावर लसीचा गोल व्रण उठला, तो गावानं पाहिला. गोल, मधे खड्डा, हुबेहूब कचेरीतल्या शिक्क्यासारखा. गावाचं ठरलं की आता लपवायची गरज नाही. सटवाई शिकलेली आहे, लिहिणं-वाचणं तिचा धंदा आहे. सरकारी शिक्का तिला कळणारच. तीन वर्षांत सत्तावीसातलं एकही गेलं नव्हतं. लसीनं की कोंड्यानं, हे चिचटोल्याला विचाराल तर दिवसभर बसवून घेतील. पण नवी लेकरं कोणी विकेना. आपल्यालाही शिक्का मिळणार म्हणून थांबली. वच्छलाबाईला नुकतीच मुलगी झाली होती. तिलाही विकली नव्हती. गुणाबाईच्या झोपडीतला कोंडा किड्यांनी खाल्ला.

मोजणीदार तिच्या झोपडीशी गेला तेव्हा ती कोणाच्या बाळंतपणाला शेजारच्या वस्तीवर गेली होती. त्यानं शेजारी विचारलं. शेजारची म्हणाली, "तिले कुठी पोरं? वांझ आहे थे." त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: एकूण अपत्ये, शून्य.

मग कचेरीत दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि नागपूरच्या एका डॉक्टरांची झोप उडाली.

तुम्ही त्यांच्या जागी बसून पाहा. लसीच्या आधी एका बाईला सत्तावीस मुलं, सगळी जिवंत. लसीनंतर शून्य. एकही उरलं नाही. दुसऱ्या बाजूला, लसीच्या आधी एकोणीस बायांना एकही मूल नाही, आणि लसीनंतर त्यांना तीन, चार, सात वर्षांची मुलं झालेली. जन्मताच सात वर्षांची! म्हणजे ही लस एका घरात सरसकट मारते आणि एकोणीस घरांत चालती-बोलती पोरं जन्माला घालते. डॉक्टर सरळमार्गी माणूस. त्यांनी वर कळवलं, आणि वरून हुकूम आला: चौकशी होईपर्यंत त्या भागातली लस बंद.

आणि मला बोलावणं आलं. "चौपन्नचे अक्षर तुमचे आहे."

आम्ही निघालो. मी, शफी आणि डॉक्टर. जीप नदीकाठी सोडली, डोंग्यातून पलीकडे, पुढे बैलगाडी. डॉक्टर सडपातळ, चष्म्याचे, प्रत्येक शब्द औषधासारखा मोजून देणारे. वाटेत मी दोनदा सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "आधी स्थळ पाहू. नंतर बोलू."

गावात उतरताच त्यांनी सोमाजीला विचारलं, "लहान मुलांना पुरण्याची जागा दाखवा. सत्तावीस खड्डे."

सोमाजी घाबरला. साहेबाला नाही म्हणणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. "खड्डे तं लय आहेत साहेब," म्हणत तो त्यांना नाल्याकाठी घेऊन गेला. डॉक्टरांनी काठीनं एकेक खड्डा दाखवत मोजला. एकतीस भरले. ते अस्वस्थ झाले. "चार जास्त आहेत."

"डुकराईनं उकरले जी," सोमाजी म्हणाला. "उद्या याल तं अजून भरतीन."

मग त्यांनी सोमाजीच्या वर्दीवरून ठाण्यात झालेली जन्मनोंद पिशवीतून काढली. तिच्यात आईचं नावच नसतं, बापाचं असतं. त्यांनी ती माझ्या यादीशी जोडून पाहिली तर गुणाबाईला एकोणीस नवरे निघाले. ते त्यांनी वहीत लिहिलं, खोडलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"आता बोला," मला म्हणाले.

चिंचेखाली सगळं गाव जमलं. सत्तावीसच्या सत्तावीस पोरं समोर धुळीत लोळत होती. मी कोंड्यापासून सटवाईपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे चौपन्नची नोंद चुकीची."

"चुकीची नाही," मी म्हणालो. "सांगणारीनं सांगितलं तेच लिहिलं आहे. सूचना तुमचीच. छापलेली."

"आवाज चढवू नका."

"चढलेला नाही, असाच आहे."

शफीनं माझा सदरा मागून ओढला. डॉक्टर म्हणाले, "मला भांडण नको. मला लस सुरू करायची आहे. उपाय सोपा आहे. गुणाबाईंनी एक जबाब द्यायचा. मी तांबड्या पेन्सिलीनं जुनी सत्तावीस नावं खोडतो, ती खऱ्या मातांच्या नावे लावतो, आणि उद्या सकाळी इथंच सुई."

त्यांनी जबाब लिहिला. एकच ओळ. अंगठ्याच्या शाईची डबी उघडून ठेवली. मलाही सुटल्यासारखं झालं. मीच तो गुणाबाईला वाचून दाखवला: "मला मूलबाळ नाही व कधीही नव्हते."

गुणाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"एक डाव अजून वाच, बाबू."

मी वाचला. वाचून कागद डबीपासून लांब ठेवला.

"मीनं काऊन सांगाचं थे?" ती म्हणाली.

वच्छलाबाई दोन महिन्यांची पोर छातीशी धरून पुढे आली. "गुनाबाई, लाव व माय अंगठा. माह्या पोरीची सुई अडून राह्यली. तुह्यानंच तं काढली हिले, तुले नाई ठाऊक का माहा पयला कसा गेला थे?" तिच्या आवाजात धमकी नव्हती, भीती होती. गुणाबाईनं त्या पोरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

भागीरथाबाईला दम कुठला. "कागदच तं आहे व! कागदाचं काय घेऊन बसली?"

"कागदच आहे तं तूच लाव ना," गुणाबाई म्हणाली. "बाबू, लिव, भागीरथेले मूलबाळ नाई व कधीही..."

"थुंक! थुंक व आधी!" भागीरथाबाई किंचाळली आणि पोराला पोटाशी ओढलं. "अशी वानी कायले काढतं तोंडातून?"

डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते.

"लावते मी अंगठा," गुणाबाई शेवटी म्हणाली. "वच्छलेच्या पोरीसाठी लावते. पन आधी सौदा मोडा. एकेका लेकराचा सूपभर कोंडा देल्ला मीनं. परत आना. सूप भरून आना, मंग मी म्हनते तुमची तुमाले."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कोंडा मिळत नाही का गावात?"

"धानाचं गाव आहे साहेब. कोंड्याला काय तोटा."

"मग आणा म्हणावं. दहा मिनिटांचं काम."

पण एकही बाई हलेना. एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेवटी भागीरथाबाईच उठली. "मी काय भेते का?" ताड ताड घरी गेली, सूप शिगोशीग भरून ताड ताड आली. मागून तिचा तिनेक वर्षांचा सुकलू धावत. चिंचेच्या सावलीपाशी पोचता पोचता वारा सुटला, सुपातला कोंडा उडाला, आणि सुकलूच्या नाकातोंडात गेला.

सुकलू खोकला.

एकदाच. भागीरथाबाईच्या पायाला जणू खिळा मारला. आम्हा सगळ्यांना दिसत होतं की कोंड्यानं ठसका लागला आहे. तिलाही दिसत होतं. तिनं सुकलूकडे पाहिलं, गुणाबाईकडे पाहिलं, आणि अख्खं सूप कोंबड्यांपुढे पालथं केलं.

"लिवा!" ती ओरडली. "गुनाबाईचं लिवा! माहं नाई, गुनाबाईचं!"

डॉक्टर गोंधळले. "पण बाई, तुम्हीच म्हणालात ना, दंडावर शिक्का आहे?"

"शिक्का आहे. शिक्का राहू द्या. पन टोचलं तवा राज नागपूरचं होतं ना साहेब? आता मुंबईचं आहे. सटवाईनं जुना शिक्का नाई मानला तं? तुमच्याच कचेरीत मानतात का?"

मानत नव्हते. छप्पन्ननंतर जुन्या शिक्क्याचे कागद परत येत होते हे डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मग रांग लागली. एकेक बाई पोराला पुढे ढकलायची, "गुनाबाईचं," आणि पाठ फिरवायची. तीन वर्षांपूर्वीसारखीच. मी नव्या फॉर्मवर लिहीत होतो. या फॉर्मात सहाच ओळी होत्या. शफी डिंक लावत होता. शेवटी सोमाजी आपला पोरगा घेऊन आला आणि कोतवालाच्या रुबाबात म्हणाला, "गुनाबाईचं." सत्तावीस.

डॉक्टरांनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. चौपन्न: मुलं सत्तावीस. सत्तावन्न: मुलं सत्तावीस. मयत शून्य. दंडावर व्रण सत्तावीस. त्यांचं बोट एकेका रकान्यावरून खाली उतरत गेलं आणि चेहरा उजळत गेला.

"आकडे जुळतात," ते हळूच म्हणाले.

"जुळणारच."

"सगळ्या जिल्ह्यात असं कुटुंब नाही. एकही मृत्यू नाही." मग त्यांना एकदम काही आठवलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पण बाईंचं वय?"

"चौपन्नला साठ, सत्तावन्नला त्रेसष्ट. तीन वर्षांत तीननंच वाढलं आहे. तेही जुळतं."

त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली. शिक्का मारला, नव्या राज्याचा. जबाबाचा कागद त्यांनी घडी करून मला दिला. मी तो तिथंच फाडला. अंगठ्याची डबी तशीच उघडी पडली होती. तिच्यातली शाई पोरांनी गालाला फासली.

दुसऱ्या सकाळी लस सुरू झाली. शफी सुया उकळत होता तेव्हा वच्छलाबाई आली. हातात सूप, सुपात ती पोर. गुणाबाईच्या पुढ्यात ठेवलं आणि खाली पाहत राहिली. गुणाबाई झोपडीत गेली. किड्यांनी सोडलेला कोंडा कुठून कुठून झाडून सूपभर जमवून आणला. सौदा झाला. मग पोर मांडीवर घेऊन ती पाटावर बसली, आणि शफीनं सुई उचलली.

मी पेन्सिल काढली. "अठ्ठावीस लिहू?"

"हे लिवू नको, बाबू," गुणाबाई म्हणाली. "सत्तावीस सरकारच्या कागदावर राहू दे. हे एक घरचं."

त्या पोरीच्या लांबलेल्या बारशाला गुणाबाईला बोलावणं गेलं, असं सोमाजीनं पुढे चांद्याच्या बाजारात भेटला तेव्हा सांगितलं. पाळण्याजवळ बसवलं की दाराशी, ते मी विचारलं. "पाळन्याजवळ," तो म्हणाला. "भागीरथा बाजूले सरकली तवा." सोमाजी खोटं बोलत असेल तर मला खरं नको आहे.

ते दोन कागद आता कुठल्या तरी कचेरीच्या कपाटात आहेत. डिंकानं जोडलेले, त्यामुळे झुरळांनी कडा खाल्ल्या असतील. कधीतरी कोणी हुशार माणूस ते काढील, साठ वर्षांची बाई आणि एका पावसाळ्यातली नऊ लेकरं पाहून हसेल, आणि चूक दुरुस्त करायला तांबडी पेन्सिल शोधेल. तो माणूस तुम्ही असाल तर माझं एक ऐका. नाव वाचा, सत्तावीस वाचा, कागद होता तसा घडी करून ठेवा. ती ओळ खोडू नका. अगदीच राहवलं नाही तर चिचटोल्याला जाऊन स्वतः विचारा. पण कृपा करून, हातात सूपभर कोंडा घेऊन जाऊ नका.